झिजलेल्या अक्षराची साक्ष : स्लॅब सेरिफ मुद्राक्षराच्या इतिहासातील एक प्रश्न

मुद्रित अक्षराचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष बहुधा त्याच्या आकाराकडे असते. अक्षर कोणी कोरले, कोणत्या साली ओतले, कोणत्या ग्रंथात प्रथम वापरले, हे प्रश्न मुद्रणाच्या इतिहासात प्रतिष्ठा पावलेले आहेत. परंतु अक्षर वापराने झिजते, आणि त्याची झीजही त्याच्याबरोबर कागदावर उमटते. रोमन लिपीतील एका मुद्राक्षर-जातीच्या बाबतीत तर आज ही झीज हेच तिचे मुख्य लक्षण होऊन बसले आहे. जाड व चौकोनी पायाची, कडा उडालेली, शाई मध्येच तुटलेली अशी ही अक्षरे कॉफीच्या डब्यांवर, उपाहारगृहांच्या पाट्यांवर, कपड्यांवर, चित्रपटांच्या नामावलीत आणि पुस्तकांच्या वेष्टनांवर सर्वत्र आढळतात. ती संगणकावर नव्याने तयार केलेली असतात, आणि त्यांवरील ओरखडे मुद्दाम काढलेले असतात. इंग्रजीत अशा अक्षरास ‘डिस्ट्रेस्ड’ हे विशेषण लावतात. प्रस्तुत लेखात त्यास ‘कृत्रिम झिजेचे अक्षर’ म्हटले आहे.

अशी अक्षरे सुंदर की कुरूप, हा येथील प्रश्न नव्हे. ज्या दोषाशी मुद्रकांनी दीडशे वर्षे झगडा केला, तो दोष अलंकार कसा झाला, आणि त्यामुळे कागदपत्रांच्या अभ्यासकाच्या हातचे काय गेले, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी ह्या अक्षर-जातीचा पूर्वेतिहास पाहणे अवश्य आहे; कारण त्यावरून अक्षराचा आकार आणि अक्षराची झीज ही दोन अगदी भिन्न प्रकारची चिन्हे आहेत, हे स्पष्ट होते.

१. रूप आणि नाव

रोमन अक्षराच्या उभ्या दंडाच्या टोकाशी जी लहान आडवी रेघ असते, तिला सेरिफ म्हणतात. अठराव्या शतकापर्यंतच्या ग्रंथमुद्रणातील सेरिफ ही दंडातून हळूहळू बाहेर येणारी, टोकाकडे निमुळती होणारी रेघ होती. शतकाच्या अखेरीस दिदो व बोदोनी ह्यांच्या अक्षरांत ती केसासारखी बारीक झाली. स्लॅब सेरिफ अक्षरात ह्याच्या नेमके उलट घडले. तेथे ही आडवी रेघ दंडाइतकीच जाड, सपाट आणि काटकोनात बसविलेली असते. अक्षर जणू फळीवर उभे केलेले दिसते. जाड व बारीक रेघांतील भेदही जवळजवळ नाहीसा होतो, आणि सर्व अक्षर एकाच वजनाचे वाटते.

ह्या जातीचे पहिले मुद्रित नमुने लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्स ह्यांच्या फाउंड्रीने १८१५ ते १८१७ ह्या काळात प्रसिद्ध केले. त्यांत फक्त मोठी अक्षरे होती, आणि त्यांना ‘अँटीक’ म्हणजे ‘प्राचीन’ असे नाव दिले होते. वस्तुतः त्या काळी ह्याहून नवी वस्तू शोधून सापडली नसती. पुढे विल्यम थॉरोगुड ह्यांनी १८२१ च्या सुमारास ह्याच जातीची अक्षरे ‘इजिप्शियन’ ह्या नावाने विक्रीस आणली, आणि तेच नाव रूढ झाले.

इजिप्तशी ह्या अक्षरांचा आकारतः कोणताही संबंध नाही. चित्रलिपीत सेरिफ नसते. संबंध आहे तो त्या काळच्या अभिरुचीशी. १७९८ ते १८०१ ह्या काळातील फ्रेंच मोहिमेनंतर युरोपात इजिप्तविषयी कुतूहल उसळले. रोझेटा येथील शिलालेख १८०२ मध्ये लंडनला पोहोचला. पिकॅडिली येथे १८१२ मध्ये ‘इजिप्शियन हॉल’ उभा राहिला. शाँपोलिआँ ह्यांनी चित्रलिपीच्या वाचनाची किल्ली १८२२ मध्ये जाहीर केली. जे जे भव्य, जड आणि लक्षवेधी, त्यास इजिप्तचे नाव देण्याची ती वेळ होती.

नाव किती यादृच्छिक होते, ह्याचा पुरावा त्याच्या अदलाबदलीत मिळतो. विल्यम कॅस्लन (चौथे) ह्यांनी १८१६ मध्ये ‘इजिप्शियन’ म्हणून जे अक्षर दाखविले, त्यास सेरिफ मुळीच नव्हती. म्हणजे इंग्लंडमध्ये एकाच नावाने आधी सेरिफहीन आणि मग जाड सेरिफचे अक्षर ओळखले गेले. फ्रान्समध्ये ‘एजिप्सिएन’ हे स्लॅब सेरिफ अक्षर, आणि ‘अँटीक’ हे सेरिफहीन अक्षर, अशी वाटणी झाली. तिबोदो ह्यांनी १९२१ मध्ये केलेल्या वर्गीकरणात ती कायम झालेली दिसते. इंग्लंडमधील ‘अँटीक’ आणि फ्रान्समधील ‘अँटीक’ हे उच्चाराने जवळचे शब्द म्हणून परस्परविरुद्ध वस्तूंचे वाचक ठरले. माक्सिमिलिआँ वॉक्स ह्यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी आपल्या वर्गीकरणात ‘मेकान’, म्हणजे यंत्रसूचक, हे नाव योजिले. १९६७ च्या ब्रिटिश मानकाने ‘स्लॅब सेरिफ’ हे केवळ आकारवर्णनपर नाव स्वीकारले. नावाचा प्रवास असा प्राचीनतेकडून इजिप्तकडे, तेथून यंत्राकडे, आणि शेवटी अक्षराच्या प्रत्यक्ष आकाराकडे झाला.

२. उपयोगांची परंपरा

ह्या अक्षरांचा जन्म ग्रंथासाठी झाला नाही. भिंतीवर लावावयाच्या पत्रकासाठी ती जन्मली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कारखान्यांतून निघणारा माल, लॉटरीची तिकिटे, नाटकांचे प्रयोग आणि टपालगाड्यांच्या वेळा ह्यांची माहिती रस्त्याने जाणाऱ्या माणसाला दुरून वाचता आली पाहिजे, अशी गरज उत्पन्न झाली. पुस्तकी अक्षर नुसते मोठे करून ती भागत नव्हती, कारण त्याच्या बारीक रेघा दुरून दिसेनाशा होत. सर्व रेघा जाड करणे हा त्यावरील सरळ उपाय होता.

मोठ्या आकाराचे धातूचे खिळे जड व महाग असत, आणि ओतताना धातू असमान निवाल्याने त्यांचा पृष्ठभाग सपाट राहत नसे. ही अडचण अमेरिकेत दूर झाली. न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्स ह्यांनी १८२७ मध्ये लाकडातून अक्षर कोरून काढणारे फिरत्या पात्याचे यंत्र वापरात आणले, आणि १८२८ मध्ये लाकडी टाइपाचे पहिले नमुनापुस्तक काढले. विल्यम लेव्हनवर्थ ह्यांनी १८३४ मध्ये त्या यंत्रास पँटोग्राफची जोड दिली. त्यामुळे एकाच नमुन्यावरून लहानमोठ्या आकाराची अक्षरे कापता येऊ लागली. ह्या कामी मुख्यतः मेपल वृक्षाचे लाकूड वापरीत, आणि अक्षर लाकडाच्या आडव्या छेदावर, म्हणजे तंतूंच्या टोकांवर कोरीत; अशा पृष्ठभागावर दाब चांगला टिकतो. १८८० मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील टू रिव्हर्स येथे हॅमिल्टन ह्यांचा कारखाना निघाला, आणि हळूहळू ह्या धंद्यातील बहुतेक प्रतिस्पर्धी त्याने आपल्यात सामावून घेतले.

लाकडी टाइपामुळे स्लॅब सेरिफचे असंख्य प्रकार निघाले. त्यांतील ‘फ्रेंच क्लॅरेंडन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात सेरिफ दंडाहूनही जाड असते. अक्षरे अरुंद असल्यामुळे ओळीच्या वर व खाली दोन काळे पट्टे तयार होतात. आज ‘अमेरिकेच्या पश्चिमेचे अक्षर’ म्हणून जे ओळखले जाते, ते हेच. परंतु मूळ काळात ते कोणत्याही एका प्रदेशाचे वा विषयाचे नव्हते. सर्कस, गुरांचा बाजार, औषधे, निवडणुकीच्या सभा आणि फरारी गुन्हेगारावरील इनाम हे सर्व त्याच ठळक अक्षरांत छापले जाई. गुलामांच्या विक्रीची पत्रके ठळक अक्षरांत निघत. आणि १८५१ मध्ये बॉस्टन शहरातील कृष्णवर्णीय नागरिकांना गुलाम पकडणाऱ्यांपासून सावध करणारे पत्रकही ठळक अक्षरांतच निघाले. आकाराला स्वतःचा पक्ष नव्हता. जुळाऱ्याच्या पेटीत जे होते ते त्याने लावले.

ग्रंथात ह्या अक्षरांचा प्रवेश वेगळ्या वाटेने झाला, आणि ती वाट भाषेच्या अभ्यासकास विशेष परिचयाची आहे. लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीने १८४५ मध्ये ‘क्लॅरेंडन’ नावाचे अक्षर काढले. रॉबर्ट बेस्ली हे त्या फाउंड्रीचे भागीदार होते. पंच बेंजामिन फॉक्स ह्यांनी कोरले. १८४२ च्या कायद्यान्वये ते नोंदले गेले, आणि त्यास तीन वर्षांचे संरक्षण मिळाले. मुदत संपताच इतर फाउंड्र्यांनी त्याच्या नकला केल्या. ह्या अक्षरात सेरिफ दंडाशी किंचित वळणाने जोडलेली आहे, आणि त्याचे वजन साध्या पुस्तकी टाइपाशेजारी बसेल इतके बेताचे आहे. कोशातील शब्द त्याच्या अर्थविवरणातून वेगळा उठून दिसावा, ह्यासाठी त्याचा उपयोग होऊ लागला. १८८४ पासून खंडशः प्रसिद्ध होऊ लागलेल्या ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशात मुख्य शब्द क्लॅरेंडनमध्येच दिले गेले. एखाद्या शब्दाला ठळक करणे म्हणजे त्याला नोंदीचा मान देणे, हा संकेत रूढ होण्यात ह्या अक्षराचा मोठा वाटा आहे.

तिसरा उपयोग टंकलेखनयंत्राचा. रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये विक्रीस आणलेल्या शोल्स-ग्लिडन यंत्रापासून पुढे बहुतेक यंत्रांत प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळे. ‘आय’ आणि ‘एल’ ही अरुंद अक्षरे ‘एम’ व ‘डब्ल्यू’ एवढ्याच जागेत बसवावयाची, तर त्यांना रुंद पाय देणे भाग होते; अन्यथा शब्दात भोके पडली असती. म्हणून टंकलेखनाच्या अक्षरास स्लॅब सेरिफ आली ती गरजेपोटी. आय. बी. एम. कंपनीसाठी हॉवर्ड केटलर ह्यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यास आखलेले ‘कूरियर’ हे त्या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध अक्षर. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात त्याचे संगणकीय रूप २००४ च्या आरंभापर्यंत अधिकृत होते. मुंबईच्या गोदरेज अँड बॉइस कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखनयंत्र बाजारात आणले, आणि न्यायालयांच्या बाहेर बसणाऱ्या टंकलेखकांनी कित्येक दशके प्रतिज्ञापत्रे व अर्ज अशा यंत्रांवर लिहिले. येथील वाचकाच्या मनात इंग्रजी स्लॅब सेरिफ अक्षराचा जो पहिला संस्कार आहे, तो अमेरिकेतील सर्कशीचा नसून कचेरीचा आहे.

विसाव्या शतकात ह्या अक्षरांचे दोनदा पुनरुज्जीवन झाले. १९२९ नंतर जर्मनीत मेंफिस, सिटी आणि बेटन ही भूमितीच्या शिस्तीची अक्षरे निघाली. अमेरिकेत कर्नाक व इंग्लंडमध्ये १९३४ साली रॉकवेल आले. तुतनखामेनची कबर १९२२ मध्ये सापडली होती, आणि मेंफिस व कर्नाक ही नावे जुन्याच इजिप्त-वेडाची आठवण देतात. दुसरे पुनरुज्जीवन स्मरणरंजनाचे होते. निकोलेट ग्रे ह्यांचा एकोणिसाव्या शतकातील अलंकृत टाइपांवरील ग्रंथ १९३८ मध्ये निघाला. त्याच वर्षी रॉबर्ट हार्लिंग ह्यांचे ‘प्लेबिल’ हे अक्षर आले. १९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ ह्या राष्ट्रीय प्रदर्शनात इजिप्शियन अक्षरांना मानाचे स्थान मिळाले. दोन्ही वाटा किती भिन्न होत्या, हे एका उदाहरणावरून कळते : पॉल रँड ह्यांनी १९५६ मध्ये आय. बी. एम. कंपनीचे बोधचिन्ह ‘सिटी’ ह्या अक्षराच्या आधारे केले, आणि तेथे तीच जाड सेरिफ भविष्यकाळाची व यंत्राच्या अचूकपणाची वाचक ठरली.

ह्या सर्व इतिहासावरून एवढे निश्चित होते की, स्लॅब सेरिफचा आकार स्वतः कोणताच अर्थ बाळगून नाही. बाजार, कोश, कचेरी, पश्चिमेचा प्रदेश, संगणक-उद्योग हे सर्व अर्थ त्याला वापराने आणि संकेताने मिळाले, जसे ते शब्दाला मिळतात.

३. झीज : अलंकार होण्यापूर्वी

झिजेचे तसे नाही. लाकडी अक्षराची कड उडते ती खिळे पेटीत टाकताना व काढताना. पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात ते वारंवारच्या दाबाने. लाकूड दमटपणाने फुगते व कोरडेपणाने आकसते, त्यामुळे खिळ्याची उंची बदलते. अमेरिकेत व इंग्लंडमध्ये खिळ्याची उंची सुमारे ०.९१८ इंच ठरलेली असे. एखादा खिळा त्याहून किंचित खाली गेला तरी त्याच्यावर शाई नीट बसत नाही, आणि छापात पांढरे ठिपके राहतात. मुद्रक अशा खिळ्याखाली कागदाचे तुकडे चिकटवून त्याला वर उचली. झीज लपविणे हा त्याच्या कौशल्याचा भाग होता.

येथे एक भाषाशास्त्रीय गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. छापखान्यात सर्व अक्षरे सारखी झिजत नाहीत. इंग्रजीत ‘ई’ हे अक्षर सर्वांत अधिक वेळा येते. ‘झेड’ व ‘क्यू’ फार क्वचित येतात. टाइपाच्या संचात ‘ई’चे खिळे अधिक दिलेले असत, तरी भिंतीवरील पत्रकांसाठी विकले जाणारे लहान संच वारंवार वापरले जात, आणि नेहमीच्या अक्षरांवर त्याचा परिणाम दिसे. जुन्या संचातील ‘ई’, ‘ए’ व ‘टी’ ह्यांची कड बोथट झालेली, आणि ‘झेड’ जवळजवळ कोरा, अशी स्थिती त्यामुळे येते. म्हणजे झिजलेला संच हा भाषेतील वर्णवारंवारतेचा एक अनपेक्षित आलेखच होय.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, प्रत्येक खिळा स्वतंत्रपणे झिजतो. एका ओळीत ‘ई’ चार वेळा आला, तर तेथे चार निरनिराळे खिळे असतात, आणि चौघांचे व्रण निरनिराळे असतात. पर्स ह्यांनी १९०६ मध्ये ‘टाइप’ व ‘टोकन’ असा जो भेद केला, त्याच्या परिभाषेत सांगावयाचे तर आकार हा ‘टाइप’चा धर्म आहे आणि झीज ही व्यक्तीची. न्यायशास्त्राच्या भाषेत झीज हे लिंग आहे. जसा धुरावरून अग्नी, तसा व्रणावरून विशिष्ट खिळा, आणि खिळ्यावरून विशिष्ट छापखाना व विशिष्ट वेळ अनुमानता येते. हे अनुमान संकेतावर उभे नाही. त्याला कार्यकारणसंबंधाची व्याप्ती आहे.

४. झिजेचा पुरावा

ह्या अनुमानाचा सर्वांत मोठा उपयोग ग्रंथशास्त्रात झाला. चार्ल्टन हिन्मन ह्यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शेक्सपियरच्या १६२३ च्या ‘फर्स्ट फोलिओ’चे मुद्रण कसे झाले ते दाखवून दिले. ह्या ग्रंथाचा टाइप अर्थात स्लॅब सेरिफच्या पूर्वीचा आहे. पण पद्धत तीच. हिन्मन ह्यांनी वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयातील पन्नासाहून अधिक प्रती आपण तयार केलेल्या यंत्राने ताडून पाहिल्या, आणि शेकडो जखमी खिळे ओळखून ते कोणत्या पानावरून कोणत्या पानावर गेले ह्याचा माग काढला. पाने अनुक्रमाने जुळविली नव्हती, अनेक जुळारी काम करीत होते, आणि छपाई चालू असताना दुरुस्त्या होत होत्या, हे निष्कर्ष त्यातून निघाले. कोणाही लेखकाने वा मुद्रकाने ही माहिती नोंदवून ठेवली नव्हती. ती फक्त खिळ्यांच्या व्रणांत होती.

टंकलेखनयंत्रात झिजेची रचना बदलते. तेथे प्रत्येक अक्षराचा ठसा एकच असतो. त्यामुळे ‘ई’ला व्रण पडला की त्या यंत्रावर लिहिलेल्या प्रत्येक ‘ई’वर तो दिसतो. म्हणूनच यंत्र ओळखता येते. कॉनन डॉयल ह्यांनी १८९१ मधील एका शेरलॉक होम्स कथेत ह्याचा उपयोग केला होता. १९४९-५० मध्ये अमेरिकेत अल्जर हिस ह्यांच्यावर खोट्या साक्षीचा खटला चालला, तेव्हा परराष्ट्र खात्याच्या कागदांच्या टंकलिखित नकला आणि हिस कुटुंबाची खाजगी पत्रे एकाच वुडस्टॉक यंत्रावर लिहिलेली आहेत, हा अभियोगाचा मुख्य आधार होता. हिस दोषी ठरले. १९५२ मध्ये नव्या सुनावणीच्या अर्जासोबत बचाव पक्षाने एक वेगळेच यंत्र पुढे केले. न्यूयॉर्कचे टंकलेखनयंत्र-तज्ज्ञ मार्टिन टायटेल ह्यांनी केवळ लेखनाचे नमुने पाहून त्याच दोषांचे दुसरे यंत्र तयार केले होते. अर्ज नामंजूर झाला. पण झीज हातानेही निर्माण करता येते, ही गोष्ट न्यायालयापुढे आली.

भारतातही हा प्रश्न उपस्थित झाला, आणि त्याची सुरुवात नागपूरला झाली. ‘हनुमंत विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ ह्या खटल्यात एक पत्र त्यावरील तारखेस लिहिले की मागाहून लिहून त्यावर जुनी तारीख घातली, हा वाद होता, आणि ते कोणत्या यंत्रावर लिहिले ह्यास त्यामुळे महत्त्व आले. टंकलेखनाच्या तज्ज्ञाचे मत पुरावा कायद्याच्या कलम ४५ मध्ये बसत नाही, असे उच्च न्यायालयाने म्हटले होते. कलमात हस्ताक्षर व बोटांचे ठसे ह्यांचा उल्लेख होता, टंकलिखिताचा नव्हता. सर्वोच्च न्यायालयात १९५२ मध्ये ह्या मताला आव्हान दिले गेले नाही, आणि पुढे तेच प्रमाण मानले जाऊ लागले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय अन्वेषण विभागाच्या एका प्रकरणात ही समजूत दूर केली, आणि असे मत ग्राह्य ठरविले. यंत्राच्या व्रणाला हस्ताक्षराच्या पंक्तीत बसावयास भारतीय न्यायव्यवहारात चव्वेचाळीस वर्षे लागली. आणि तोवर संगणकाने टंकलेखनयंत्राची जागा घेण्यास आरंभ केला होता.

५. झिजेचे अनुकरण

ऑफसेट मुद्रण आणि फोटोटाइप ह्यांच्या प्रसारानंतर, विशेषतः १९६० व १९७० च्या दशकांत, लाकडी टाइप निरुपयोगी ठरला. कित्येक संच मोडीत निघाले, आणि कित्येक शोभेच्या वस्तू म्हणून विकले गेले. रॉब रॉय केली ह्यांनी १९६९ मध्ये अमेरिकन लाकडी टाइपाचा व्यवस्थित इतिहास प्रसिद्ध केला, तेव्हा ती वस्तू व्यवहारातून जवळजवळ गेली होती. १९९९ मध्ये टू रिव्हर्स येथे ह्या टाइपाचे संग्रहालय उघडले. वापर संपल्यावरच झीज मोलाची झाली. जुन्या संचातून जे छाप निघत, त्यांतील पांढरे ठिपके पूर्वीच्या मुद्रकाने दुरुस्त केले असते. आता तेच पाहणाऱ्याला ‘खरे’ वाटू लागले.

संगणकाने ही खूण खिळ्यापासून तोडली. एरिक व्हान ब्लोकलंड ह्यांनी १९९१ मध्ये ‘ट्रिक्सी’ हे अक्षर काढले. एका जुन्या टंकलेखनयंत्राचे ठसे, त्यांच्या पसरलेल्या शाईसह, त्यात रेखाटलेले होते. त्यानंतर लाकडी टाइपाच्या झिजक्या छापांवरून तशाच प्रकारची स्लॅब सेरिफ अक्षरे पुष्कळ निघाली. टंकलेखनाचे झिजके अक्षर म्हणजे गुप्त कागद, लाकडी टाइपाचे झिजके अक्षर म्हणजे जुना व प्रामाणिक माल, असे नवे संकेत जाहिरातीत रूढ झाले. काल उघडलेले दुकानही आपल्या पाटीवर शंभर वर्षांची झीज लावू शकते.

परंतु ही झीज बारकाईने पाहिली असता स्वतःचे कृत्रिमत्व उघड करते. साध्या संगणकीय संचात ‘ई’चे एकच रूप असते; म्हणून एका शब्दात तो दोनदा आला, तर दोन्ही ठिकाणी तोच ओरखडा त्याच जागी दिसतो. लाकडी खिळ्यांच्या छापात हे संभवत नाही. असे अक्षर दिसावयास लाकडी टाइपासारखे, पण वागावयास टंकलेखनयंत्रासारखे असते. दुसरी खूण वारंवारतेची. कृत्रिम संचात ‘झेड’ व ‘क्यू’ हेही ‘ई’इतकेच झिजलेले असतात, जणू त्या भाषेत सर्व वर्ण सारख्याच वेळा येतात. तिसरी खूण कागदाची. खिळ्याच्या दाबाने कागदात होणारा किंचित खोलगटपणा आणि कडेला सरकलेली शाई सपाट छपाईत नसते.

ह्या खुणा कायमच्या विश्वासार्ह मात्र नव्हेत. एका अक्षराची अनेक रूपे संचात ठेवून ती आळीपाळीने योजण्याची सोय पुढे झाली आहे. त्याहीपूर्वी, १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बेओवुल्फ’ ह्या अक्षरात युस्ट व्हान रोसुम व व्हान ब्लोकलंड ह्यांनी प्रत्येक वेळी वेगळी वेडीवाकडी कड उमटविणारी योजना केली होती. वारंवारतेप्रमाणे झीज कमीअधिक करणेही अशक्य नाही. शिवाय अभ्यासकापुढे आज बहुधा मूळ कागद नसतो, त्याचे चित्र असते. आणि चित्रात कागदाचा खोलगटपणा तपासता येत नाही.

६. उपसंहार

तात्पर्य, स्लॅब सेरिफ मुद्राक्षराच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात दोन निराळ्या चिन्हव्यवस्था एकत्र नांदत आल्या आहेत. आकाराचा अर्थ संकेताने ठरला, आणि म्हणून तो वारंवार बदलला. त्यात कोणाची फसवणूक झाली नाही, कारण ‘इजिप्शियन’ अक्षर इजिप्तहून आले असे कोणी मानले नाही. झिजेचा अर्थ कारणाने ठरत होता, आणि म्हणूनच तो न्यायालयात व ग्रंथशास्त्रात पुरावा म्हणून उभा राहू शकला. विसाव्या शतकाच्या अखेरीस झीजही संकेताच्या कक्षेत आली. अग्नीवाचून धूर निर्माण करता येऊ लागला, की धुरावरून अग्नीचे अनुमान हेत्वाभास ठरते. येथे तेच झाले आहे.

जाहिरातीत ह्यामुळे फारशी हानी नाही. डब्यावरील ओरखड्यांवरून कोणी कॉफीचा काळ ठरवीत नाही. हानी आहे ती दप्तरखान्यात. छापील पत्रक, टंकलिखित अर्ज किंवा जुन्या संस्थेची घटना हाती आल्यावर तिचे अक्षर झिजलेले आहे म्हणून ती जुनी, असे मानण्याची सोय आता उरलेली नाही. त्याऐवजी एकाच अक्षराच्या अनेक आवृत्ती शेजारी ठेवून पाहणे, कोणती अक्षरे अधिक झिजली ते मोजणे, आणि शक्य तेथे चित्रावर न थांबता मूळ कागद तपासणे, हे अभ्यासकाचे काम ठरते. मूळ कागद टाकून केवळ त्यांची चित्रे जपण्याचा विचार जेथे जेथे होतो, तेथे ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कारण खऱ्या झिजेची जी साक्ष कागदात आहे, ती चित्रात पूर्णपणे उतरत नाही, आणि कागद गेल्यावर ती परत मिळविण्याचा मार्ग राहत नाही.